दादाच्या पेजवरचा हिरवा ठिपका

"छुपाया कुछ नहीं है, मॅडम. सब ऑनलाइन पड़ा है. आपको मिलता नहीं, तो हम क्या करें?"

बालाघाटच्या एका सरकारी ऑफिसातल्या बाबूने दादाला आणि मला हे ऐकवलं, त्याला बरीच वर्षं झाली.

तो खोटं बोलत नव्हता. दादाला तेच सहन झालं नाही.

आज माझ्या दादाचा वाढदिवस. तो नसतानाचा पहिला.

त्या दिवशी आम्ही ऑफिसात गेलो होतो ते समीक्षाच्या दातांसाठी. समीक्षा म्हणजे दादाची लेक. तिचे दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी रेघा घेऊनच. गोंदियाच्या डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि एकच विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

विहारासमोरच्या बोरिंगचं. आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात.

त्या बोरिंगवर कधीतरी कोणीतरी लाल फुली मारून गेलं होतं. ठेकेदाराची खूण असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. जयंती आली तेव्हा मंडळाने विहार रंगवला, आणि उरलेल्या निळ्या रंगात बोरिंगही. समीक्षा तेव्हा रांगत होती.

ब्रश दादाच्या हातात होता.

लाल फुलीचा अर्थ होता: या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, पिऊ नका.

ऑफिसातून आल्यावर दादा कॉम्प्युटरपुढे बसला तो उठेचना. शेवटी आमच्या बोरिंगच्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट सापडला. खरंच ऑनलाइन होता. पण गावाच्या नावाने नाही, कोडने. टोल्याचं, म्हणजे आमच्या वस्तीचं, नाव इंग्रजीत असं लिहिलेलं की आपणच आपलं गाव ओळखू नये. आणि फाइल म्हणजे वाकडा स्कॅन केलेला कागद. त्यात सर्च केलं तर काही येणारच नाही.

"पाह्य बाई, इथंच होतं," दादा म्हणाला. "पोरगी पेत होती, तवाबी इथंच होतं."

मग त्याने पेज बनवलं.

आपण बोलतो त्याच नावाने बोरिंग शोधायचं. शाळेपुढचं, चिंचेखालचं, मोठ्या विहिरीजवळचं. ठिपका हिरवा, तर प्या. लाल, तर नको. बस.

त्यासाठी सुट्टी आली की मोटरसायकल काढायचा. बोरिंगवर कोरलेला नंबर सरकारी फाइलमधल्या नंबराशी जुळवायचा. वहिनी डबा द्यायच्या आणि म्हणायच्या, "जा, तुमच्या बोरिंगा वाट पाहून राह्यल्या."

हट्टा गावच्या एक मावशी तर थेट फोनच करायच्या. "भाऊ, लगन हाय घरी. कोणतं पाणी भरू?"

"मावशी, पेज पाहा ना."

"माह्या फोनमंदी तुमीच तं पेज!"

किरनापूरच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं, तेव्हाही तो एका बोरिंगचा नंबर पाहूनच परत येत होता.

परवा मी सरकारी साइटवरची नवी फाइल उघडली. कशी वाचायची ते दादानेच शिकवलंय. किरनापूरकडच्या एका टोल्यातलं शाळेपुढचं बोरिंग. नव्या तपासणीत फ्लोराईड जास्त.

दादाच्या पेजवर ते हिरवं आहे.

फाइलमधले आकडे दादाच हाताने पेजवर भरायचा, त्यामुळे आता पेजपर्यंत नवं काही पोचतच नाही. दादा गेला त्या दिवशी जे होतं, तेच तिथे थांबलंय.

मी लाल रंगाचा डबा घेऊन त्या टोल्यात गेले. सरपंचबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला. रंग लावू दिला नाही.

"पेजवर हिरवं हाय ना मॅडम. लाल काहून मारता? पोरं भेतीन."

"ते जुनं आहे. मी त्यांची सख्खी बहीण आहे हो."

"हौ, असान. पण भाऊ खोटं नाई लिवत."

माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगी आली, ओंजळ धरली आणि पाणी प्यायली. तिचे पुढचे दात नुकतेच पडले होते.

ठिपका बदलायचा तर लॉगिन हवं. ओटीपी जातो दादाच्या नंबरवर. पेज ज्या कंपनीकडे आहे तिला मी मेल केले, मृत्यूचा दाखला पाठवला. दर वेळी तेच उत्तर येतं: नोंदणीकृत नंबरवर आलेला ओटीपी टाका.

फोन वहिनींच्या आलमारीत आहे. दादाच्या शर्टात गुंडाळलेला, बंद.

एकदा मागून पाहिला.

"ना ओ बाई. सुरू केला का त्याईचाच फोटो येते त्याच्यावर. मले नाई पाहावत."

"वहिनी, तिथली लेकरं..."

"माह्या लेकराचे दात वापस आले का? त्या बोरिंगाईच्या मागं माणूस गेला माहा. आता फोनबी नेशीन?"

मी चप्पल घातली आणि निघाले.

नंबरचा रिचार्ज संपलाय, फोनही बंद. थोड्याच दिवसांत मोबाइल कंपनी तो दुसऱ्या कोणाला देऊन टाकेल. मग तो हिरवा ठिपका कायम तसाच राहील, दादाच्या नावाने. त्याने एकदा नकळत एक लाल फुली झाकली होती, आणि पुढचं सगळं आयुष्य तिच्यापायी रस्त्यावर काढलं. आता तो नसताना त्याच्याच हातून तेच होतंय.

मला हे पाहवत नाही.

मित्रांनो, आज कमेंटमध्ये श्रद्धांजली लिहू नका. टोल्याचं नाव पहिल्या कमेंटमध्ये टाकलंय. तिकडे कोणी ओळखीचं असेल तर फोन करा. शाळेपुढचं पाणी पिऊ नका, एवढंच सांगा. ती खरी श्रद्धांजली.

दादा, जय भीम.

आणि वहिनी, समीक्षा तुम्हाला हे वाचून दाखवेल, तोंडावर हात ठेवून, म्हणून इथे लिहितेय.

उद्या सकाळी नंबरला रिचार्ज मारून येते. फोनला मी हात लावणार नाही. तुम्ही तोंड फिरवून बसा. समीक्षा फोन सुरू करेल, ओटीपी मला वाचून दाखवेल, आणि परत त्याच शर्टात गुंडाळून ठेवेल.

तुम्ही नाहीच म्हणाल, माहीत आहे.

तरी विचारते. एकदाच आलमारी उघडाल, वहिनी?