खोडलेल्या ओळीशेजारची सही

"ते ताट खाली ठेव आधी."

काकू एवढंच म्हणाल्या. मी औक्षणाचं ताट खाली ठेवलं. निरांजनातली वात मी लावली होती. काकूंनी ती चिमट्याने काढून कचऱ्यात टाकली. नवी वात घातली. माझ्यादेखत.

आखातातल्या खलिफा सिटीतला अध्यक्षकाका-काकूंचा व्हिला. हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाची शंभरेक माणसं. फेटे, नऊवाऱ्या, अत्तर. सत्कार होता एका राज्यपालांचा. आपल्याकडचे, मूळचे वकील.

मी या मंडळात वाढले. 'इथे वाढली, पण मराठी बघा पोरीचं!' हे ऐकत. आता पुण्यात लॉ करते, पत्रकं लिहिते, चौकात वाटते. सुट्टीला आले, तर मानपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलं. मग कालपर्यंतची लाडकी आज ताटाला का चालेना?

मानपत्रामुळे.

पप्पा वीस वर्षं इथे खरं आडनाव लपवून, गावाच्या नावाला 'कर' लावून जगले. "मूळचे कुठले तुम्ही?" कुणीही विचारतं. पप्पा जिल्हा सांगतात आणि उन्हाळ्यावर बोलायला लागतात. घरात जयंतीसुद्धा पडदे ओढून. आणि मी शहाणीने मानपत्रात लिहून टाकलं, की या वकिलाची पहिली केस आमच्या वस्तीची. गावाने आमच्या मसणवटीची वाट अडवली होती. मुख्य साक्षीदार माझा आजा. गाव आजाला मारायला उठलं, तरी तो साक्षीला उभा राहिला. वकील तेव्हा कोवळा. आमच्या घरात बसून पाणी प्यायला, फी घेतली नाही, केस जिंकला. त्या केसवर त्याचं नाव झालं. मग हायकोर्ट, आमदारकी, मंत्रिपद, राजभवन. मला वाटलं, साहेबांना आनंद होईल. पप्पांना दाखवलंच नाही. सरप्राइज द्यायचं होतं.

अध्यक्षकाकांनी कागद हातात दिला. "राजभवनातून अप्रूव्ह होऊन आलंय. एक ओळ कट आहे. यल्ला, चल, तेवढी गाळून वाच." मग आवाज खाली आणून, "हे पप्पांनी आधी सांगायचं ना गं. वीस वर्षं एका टेबलावर जेवतोय आम्ही." आणि हसून, "व्हिसा रिन्यूअल याच महिन्यात ना त्यांचं?"

काका पप्पांचे बॉस. एकाच कंपनीत. व्हिसा कंपनीचा. नोकरी गेली की घर, गाडी, इथलं सगळं आयुष्य खलास.

मी कागद पाहिला. ओळीवर लाल रेघ. शेजारी छोटी सही. कोर्टाच्या कागदावर खाडाखोड केली, की वकील शेजारी अशी सही करतो. ही सही मी लहानपणापासून, सुट्टीत गावी गेले की, पाहिलेली. आजाच्या पत्र्याच्या पेटीत त्या दाव्याची नक्कल होती. आजाला वाचता येत नव्हतं. त्या सहीवर बोट ठेवून तो म्हणायचा, "ही वकीलसाहेबांची."

म्हणजे ओळ कुठल्या सेक्रेटरीने कापली नव्हती. काकांनीही नाही. साहेबांनी स्वतः. जुन्या सवयीने, सही करून.

साहेब आले. दुसऱ्या पोरींनी ओवाळलं. माझं नाव पुकारलं. तिसऱ्या रांगेत पप्पा. काकांनी त्यांना सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

मी वाचायला लागले. ओळ आली. गाळावी? पप्पा सुटतील. कुणाला काही कळणार नाही. आजालाही नाही, तो मेलाय. त्याच मसणवटीत जळलाय.

मी वाचली. पूर्ण. शेवटी म्हटलं, "साक्षीदार माझा आजा."

साहेबांनी समोरचा माइक ओढला. छान हसले. "पुढचं वाच, बाळ."

"पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे, साहेब."

साहेबांच्या हाती द्यायची मानपत्राची चौकट टेबलावर तशीच ठेवली. वाचलेला कागद घेऊन उतरले.

गाडीत पप्पा एवढंच म्हणाले, "विचारायचंस तरी मला." ते बरोबर होतं. मी विचारलं नव्हतं.

सोमवारी पप्पांना एचआरने बोलावलंय. फोन वाजला, की आई हातातलं काम टाकते. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी करते. शूर वगैरे मी नाही.

पण तो कागद माझ्या बॅगेत आहे, लाल रेघेसकट. आजाच्या नकलेशेजारी ठेवणार. दोन वर्षांनी मला सनद मिळेल. तिच्यावर 'कर' नसेल, आजाचं आडनाव असेल. आणि हे साहेब जिथे जिथे हार घालून घेतील, तिथे ही ओळ वाचली जाईल. माझ्या तोंडून. भीत भीत, पण मोठ्याने.