ठेल्यावरची आरोळी

माझे वडील भंगारवाले होते आणि माय कचरा वेचायची. दोघांचा माल शेवटी एकाच दुकानात जायचा, तरी लोकांच्या लेखी एक धंदा होता आणि दुसरी घाण. वडिलांकडे ठेला होता, तराजू होता, दोरीला बांधलेला लोहचुंबक होता. अमरावतीत कॅम्पकडच्या गल्ल्यांतून ते आरोळी देत फिरायचे आणि बायका गॅलरीतून म्हणायच्या, "भाऊ, थांबा." माय उजाडायच्या आत पोतं घेऊन निघायची आणि उकिरड्यातून प्लास्टिक, पुठ्ठा काढायची. तिला कुणी ताई म्हटल्याचं मला आठवत नाही. "ए, पुढं हो," एवढंच. दुकानात वडिलांना बसायला स्टूल मिळायचं, माय पोतं रिकामं करून उन्हात उभी राहायची. मला तेव्हा यात काही खटकत नव्हतं, हेही सांगून टाकते.

मी सातवीत असताना वडील काविळीनं गेले. महिनाही झाला नव्हता तोच धाकटे काका ठेला न्यायला आले. मायनं सांगितलं, ठेला मीच चालवीन.

काका हसले. "बाईमानसानं भंगाराचा ठेला ढकलला, असं कोठी पाह्यलं काय, वहिनी?"

"नसन पाह्यलं, तं आता पाहून घ्या, भाऊजी."

पहिल्या रविवारी मीही तिच्यासोबत गेले. तीन गल्ल्या आम्ही मुक्यानं फिरलो. चौथ्या गल्लीत एक बाई लगबगीनं बाहेर आली आणि ओल्या कचऱ्याची बादली ठेल्यावर उपडी करून गेली. तिला वाटलं, घंटागाडीवालीच आली. बाई आणि ठेला म्हणजे कचराच, दुसरं काय असणार?  ठेल्यावरची भाजीची देठं आणि चहाचा चोथा मायनं हातानं निपटून काढला.

"आरोळी दे ना वं," मी म्हटलं.

"निघत नाई."

घरी तिनं भिंतीकडे तोंड करून सराव केला. 'भं' यायचा आणि पुढचं घशातच राहायचं. ती काही मुखदुर्बळ नव्हती. आमच्या वस्तीत तिचं भांडण चार घरं पलीकडे ऐकू जायचं. पण दुसऱ्याच्या दारासमोर तिनं वर्षानुवर्षं आवाज न करता काम केलं होतं. डबा जरा वाजला तरी कुत्री अंगावर यायची आणि कुणीतरी खिडकीतून विचारायचं, काय उचललं? त्या दारांसमोर ओरडायचं म्हणजे तिला चोरी कबूल केल्यासारखं वाटायचं.

मग मी ओरडू लागले. शाळेआधी दोन तास, आणि रविवारी दिवसभर. वडिलांची आरोळी मला पाठ होती. 'भं' गिळायचा, 'गार' लांबवायचा, मग रद्दी, लोखंड, पत्रा, बाटली एका दमात. बायका बाहेर यायच्या, पोरीचा आवाज ऐकून हसायच्या, पण रद्दी आणून द्यायच्या. काही महिन्यांनी दुकानदारानं मायपुढे स्टूल सरकवलं. ती अगदी कडेला बसली, उठायला सोपं जावं म्हणून. पण बसली.

पुढच्या वर्षी एका पानठेल्यावरची पोरं माझ्यामागून आरोळी देऊ लागली. मग ती वर्गातही ऐकू यायला लागली. मी आत शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी 'गार' लांबवायचं. एका संध्याकाळी मी मायला सांगितलं, "मी आता येत नाई. मले लाज वाटते."

"बरं," ती म्हणाली.

तिनं काहून म्हणूनसुद्धा विचारलं नाही. दोन दिवस ती एकटी गेली आणि ठेल्यावर बटाट्याची सालं घेऊन परत आली. तिसऱ्या दिवशी काकांनी ठेला नेला. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले. हे आठवलं की आजही मला माझा राग येतो.

माय गावाबाहेरच्या कचरा डेपोवर जाऊ लागली. तिथं गाडी आली की बाप्ये चालत्या गाडीवर चढायचे आणि लोखंड, तारा वरच्या वर काढून घ्यायचे. बायका गाडीच्या मागं उभ्या राहायच्या, खाली पडेल ते वेचायला. तिथल्या कमाईवर मी नर्सिंग शिकले, अकोल्याला नोकरीला लागले. दर फोनवर म्हणायचे, सोड आता, माझ्याकडे ये. ती म्हणायची, येईन दिवाळीनंतर. दिवाळ्या येत गेल्या.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात फोन आला. गाडी मागं येताना माय मागच्या चाकात सापडली होती. मी अमरावतीला पोचले तेव्हा ड्रायव्हर दवाखान्याच्या पायरीवर रडत बसला होता. कोवळंच पोरगं.

"ताई, एक आवाज देला असता तं मी ब्रेक मारला असता. मावशीनं आवाजच नाई देला."

गाडीवर चढलेल्या बाप्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती जरा शुद्धीवर आली. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "माय, वरडली काहून नाई?"

ती छताकडे पाहत म्हणाली, "मले वाटलं, होईन बाजूले. वरडली असती तं सारे पाह्यत राह्यले असते."

मला तिला सांगायचं होतं की चूक माझी आहे, तो आवाज मी बंद केला. सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी नर्स आहे, वॉर्डात आवाज करायचा नसतो हे मला शिकवलेलं आहे. तरी त्या भरल्या वॉर्डात मी गळा फाटेस्तोवर मायला हाका मारल्या. सगळे पाहत होते. पाहू देत.