पिठाच्या गिरणीचा खटला

मी बारावीत असताना आईच्या नावाने वॉरंट निघालं, आणि त्याला कारण मी होते.

वडील गेल्यापासून आई कामतघरला पिठाची गिरणी चालवायची. त्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं. पालिकेचा निरीक्षक पंचनामा करून गेला आणि काही महिन्यांनी एक कागद आला. आईला अक्षरं लागत, पण असली भाषा कळत नसे. म्हणून मी वाचला. पालिकेचं नाव दिसलं, तारीख दिसली. "पालिकेत बोलावलंय," मी सांगितलं.

आई गिरणी बंद ठेवून गेली. दुपारपर्यंत बाकावर बसली. शेवटी कारकून म्हणाला, "आज तुमचं इथे काही नाही." आम्हाला वाटलं, प्रकरण मिटलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी हवालदार दारात उभा राहिला. आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"तुमच्या नावाचं वॉरंट आहे. तारखेला कोर्टात आला नाहीत."

"मी गेलेली," आई म्हणाली. "पालिकेत."

मी कागद शोधून काढला. पालिकेच्या नावाखाली 'विरुद्ध' होतं, त्याखाली आईचं नाव. आणि सगळ्यात वर, शिक्क्याने अर्धवट झाकलेलं, न्यायालयाचं नाव. तक्रार करणाऱ्यालाच मी ठिकाण समजले होते.

शेजारी यंत्रमाग चालवणारे लूमवाले चाचा जामीन राहायला सोबत निघाले. "चलो भाभी," ते म्हणाले आणि वाटेत एवढंच पुटपुटले, "आटे की चक्की के लिए कोर्ट?"

कोर्टात आधीचा पुकारा मारामारीतल्या एका माणसाचा होता. तो पोलिसांच्या मधून खाली उतरला आणि त्याच आरोपीच्या पिंजऱ्यात माझी आई चढली. तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मी भिंतीला टेकले.

"मागच्या तारखेला का आला नाहीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, गिरणी पालिकेच्या हद्दीत हाय, नियम पालिकेचा हाय. मी तिथंच बसून राह्यले."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग सावकाश म्हणाले, "बाई, पालिका इथे तक्रारदार आहे. ज्याची तक्रार, त्यानेच निकाल द्यायचा नसतो. म्हणून हे इथे चालतं."

आईने चूक कबूल केली. वॉरंट रद्द झालं, किरकोळ दंडावर खटला संपला.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "आता मी आरोपी राह्यले का गं?" मी नाही म्हणाले, पण मलाच खात्री नव्हती.

न्यायाधीशांचं म्हणणं मला पुढे पटलं. आईला तिची बाजू कुणीतरी विचारली ती तिथेच. पण राहून गेलेल्या परवान्याला आणि मारामारीला एकच पिंजरा का, हे मात्र आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी बायका दळण घेऊन आल्या. आईने पट्टा चढवला आणि आपणहून सांगितलं, "काल कोर्टात उभी होते. परवाना राह्यलेला." मग पहिला डबा उचलून तिने गिरणी सुरू केली.