सतरंजीवर चपला?

माझ्या आत्याइतकी हट्टी बाई अख्ख्या पुण्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर त्या दोघींची गाठ पडू नये! धायरीत तिचा तळमजल्यावरचा फ्लॅट. आयटीची लाट आली, शेजारच्या ज्वारीच्या शेतात उंचच उंच इमारत उभी राहिली आणि आत्याच्या दारापुढच्या बागेतलं ऊन कायमचं गेलं. मोगरा गेला, शेवंती गेली. हिंजवडीला जाणाऱ्या मंडळींच्या गाड्या मात्र वाढल्या. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "काकू, इथं आता फूल काही येत नाही. दिवाळीनंतर ब्लॉक बसवू. दोन गाड्या मावतील."

"फूल येत नाही? मी अजून आहे ना!"

नर्सरीतून तिने वेडेलिया आणली. जमिनीला धरून पसरणारी, पिवळ्या फुलांची वेल. नाव ऐकून मी हसलो, तर म्हणाली, "हस. नावातच वेड आहे, म्हणून तर आणली." आणि काय ते वेड! कपाटाचा आरसा कंपाउंडला टेकवून ही बाई रस्त्यावरचं ऊन आत वळवायची. एक रिक्षावाला डोळे दिपून भांडायला आला. त्याला तिने चहा पाजला आणि वर "जरा डावीकडे धरा हो" म्हणून आरसाही धरायला लावला!

वेल अशी फोफावली, की दाराकडची वाटसुद्धा झाकली. आत्या तिला सतरंजी म्हणायची. कोणी पाऊल टाकलं की खिडकीतून आवाज यायचा, "सतरंजीवर चपला? काढा आधी!" पोस्टमन, गॅसवाला, सगळे अनवाणी.

पण फूल काही येईना. दिवाळी झाली. चेअरमन ठेकेदाराला घेऊन, टेप हातात, हजर! आत्या खिडकीचे गज धरून उभी. चेअरमन कडेशी आले आणि सवयीने त्यांनी चपला काढल्या! त्यांचं बघून ठेकेदारानेही बूट काढले. चेअरमन माप घ्यायला वाकले ते वाकलेलेच राहिले.

"काकू, अहो, फूल!"

"कुठंय? कुठंय?" आत्या धावली. एकच होतं, शर्टाच्या बटणाएवढं.

"टेप गुंडाळा हो," चेअरमन ठेकेदाराला म्हणाले.

आत्या आता नाही. परवा तिकडे गेलो, तर गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली एक मुलगी सतरंजीवर फोनवर बोलत फिरत होती. सँडल कडेला. तिचं बोलणं संपल्यावर विचारलं, "आत्याला ओळखायचीस?"

"कोण आत्या?"

"मग सँडल का काढलेस?"

"अहो काका, इथं काढतातच."

मी वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागलो.