कोनशिलेवरून खरवडलेलं नाव

लेकीकडे ऑस्ट्रेलियात गेले होते, तेव्हा तिच्या गावातल्या कामगार सभागृहाची कोनशिला पाहिली. तिच्यावरचं नाव छिन्नीने खरवडून काढलेलं होतं. मला थांबलेली पाहून सभागृह सांभाळणाऱ्या वृद्ध बाई बाहेर आल्या.

"ते माझ्या आजोबांचं नाव," त्या म्हणाल्या. "गवंडी होते. ही भिंत त्यांनीच बांधली."

गवंड्यांची संघटना उभी करून आजोबा निवडून आले, पुढे मंत्रीही झाले. मग पहिलं महायुद्ध पेटलं. त्यांचा मुलगा स्वखुशीने आघाडीवर गेला होता. तिथली माणसं संपत चालली होती. कुमक पोचली नाही तर आपला मुलगा परत येणार नाही, या धास्तीने त्यांनी सक्तीच्या सैन्यभरतीला पाठिंबा दिला. ज्यांच्या घरची तरुण मुलं जाणार होती, त्या सोबत्यांनीच त्यांना संघटनेतून काढलं. निवडणूक हरल्यावर त्यांनी पुन्हा थापी हातात घेतली, तर शेजारी उभं राहून काम करायला कुणी तयार होईना.

"आणि मुलगा?" मी विचारलं.

"परत आला. तेच माझे वडील. पण 'माझ्यासाठी तुम्ही दुसऱ्यांची मुलं मागितलीत' एवढंच म्हणाले, आणि पुन्हा कधी आजोबांशी बोलले नाहीत."

आजोबांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं वाटेत सारखं मनात येत राहिलं. घरी पोचले, तेव्हा दार उघडणाऱ्या लेकीकडे मला बघवेना.