चादरीचं दुसरं टोक

हॉटेलच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि तिथले मॅनेजरसाहेब म्हणजे पायाला भिंगरी लावलेला माणूस. दारातून डोकवायचे, कुणी तोंड उघडलं की ‘बघू’ म्हणायचे आणि पसार व्हायचे. त्या ‘बघू’पुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या ताईला मात्र त्यांच्याकडून सकाळची शिफ्ट हवीच होती. नवरा सकाळी कामावर जायचा, ही दुपारी निघायची ती रात्री तो झोपल्यावर परतायची. ‘भाजी झाकून ठेवलीय’ अशा निरोपांवर संसार चालला होता. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याची तिला चक्क आठवण यायची.

एकदा तिची जोडीदारीण रजेवर होती. मोठ्या चादरीची घडी काही एकटीने होत नाही. साहेब दारात उगवले तशी ताईने बिनदिक्कत चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली.

"धरा साहेब, जरा ताणून."

साहेब इतके चकित झाले की धरून उभेच राहिले. आता चादर धरलेला माणूस पळणार कुठे? मागे सरायचं, ताणायचं, पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं. दर घडीला दोघं समोरासमोर.

त्या दिवशी ताईने स्वतःचं काहीच काढलं नाही. "कोपऱ्यातल्या मशीनमधून चादरी ओलसर निघतात," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री हजर.

मग साहेब आपणहून येऊ लागले. त्यांच्या घड्या वाकड्या यायच्या. ताई तसं तोंडावर सांगायची आणि साहेब हसत पुन्हा घालायचे. खात्यात पंखा आला, बसायला स्टुलं आली. बायका ताईच्या मागे लागल्या, "अगं, आता तुझं बोल की." पण जगाची वकिली करणाऱ्या ताईची जीभ स्वतःची गोष्ट आली की टाळ्याला चिकटायची.

शेवटी एका संध्याकाळी टोकं जुळता जुळता ती एका दमात बोलून गेली, "साहेब, मला सकाळची शिफ्ट द्या. मला रात्री नवऱ्याबरोबर जेवायचंय."

आता ‘बघू’ येणार म्हणून तिने डोळेच मिटले.

"सोमवारपासून या सकाळी," साहेब म्हणाले. "फक्त तुमच्या जागी येणाऱ्या बाईंना सांगून ठेवा, मी दारात दिसलो की आधी चादर हातात द्यायची. एरवी मी कुणाचं ऐकत नाही, ताई. मला माहितीये."