करंड्यातल्या कड्या

आत्या आज सकाळी गेली. हातातलं घड्याळ चालू होतं.

चावी मीच दिली होती, तिचं तोंड धुऊन कुंकू लावलं तेव्हा. आतोबा गेल्यावरही तिने कुंकू सोडलं नव्हतं. कुणाची विचारायची हिंमत झाली नाही.

हे घड्याळ आतोबांचं. निझामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. ताडकळसच्या घरात नवी नवरी म्हणून आलेली आत्या, आणि रझाकारांच्या धास्तीने संध्याकाळीच सामसूम होणारं गाव.

आतोबा चळवळीचे निरोप पोचवायचे. एकदा जाताना त्यांनी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं.

"चेन लय चमकती. लांबून दिसंल. तू ठिव."

तिने ते पेटीत ठेवलं नाही. घातलं. पण चेन पार कोपरापर्यंत घसरायची.

मग बाईने काय केलं, तर पोती शिवायचा दाभण घेतला. गोधडीच्या घडीवर चेन ठेवली, दाभणाचं टोक खिळीवर टेकवलं आणि वरून अडकित्त्याने हळूहळू ठोकलं. खिळी निघाली. कडी निघाली. अशा कड्या काढत काढत चेन बांगड्यांच्या मागे घट्ट बसवली.

काढलेल्या कड्या कुंकवाच्या करंड्यात.

आतोबा परत आले नाहीत. सुगी झाली, उन्हाळा गेला. पकडले म्हणे. मारले म्हणे. शेजारच्या बायका येऊन सासूच्या कानाशी लागल्या, की सुनेच्या बांगड्या आता कशाला ठेवायच्या.

आत्याने हात पुढे केला.

"बघा की कान लावून. चालायलंय."

सासूने खरंच कान लावला. बराच वेळ लावून बसली. मग बायकांना म्हणाली, "जावा तुमी आपापल्या घरी."

घरात वेळ बघता कुणालाच येत नव्हती. चावी मात्र रोज, कुंकू लावल्यावर.

निझामाचं राज्य गेलं, तुरुंग उघडले, आणि एका दुपारी आतोबा दारात.

ही गोष्ट आत्या नेहमी जेवण झाल्यावर, डोळे अर्धे मिटून सांगायची. इथे आली की तिचा आवाज अगदी हळू व्हायचा.

तिने आधी घड्याळच दिलं त्यांना. त्यांनी घातलं. चेन बरोबर बसली. ना सैल, ना घट्ट.

"मला आधी बरंच वाटलं गं. मग ध्यानात आलं. माज्या मनगटायेवढं झालतं त्यायचं मनगट."

तेव्हा ती रडली. इतके दिवस रडली नव्हती.

पुढे दूध, तूप, ज्वारीची भाकरी. चेन टोचायला लागली की आतोबा हात पुढे करायचे आणि आत्या करंडा उघडायची. एकेक कडी परत गेली. शेवटची बसली त्या दिवशी तिने पुरणपोळी केली होती. (पुढे पोट सुटलं तेव्हा मात्र कड्या संपल्या होत्या, असं आतोबा हसत सांगायचे.)

ते गेल्यावर घड्याळ पुन्हा तिच्या हातात आलं. पुन्हा दाभण, पुन्हा करंडा.

गेल्या महिन्यात ती अगदीच वाळली. घड्याळ कोपराकडे जायला लागलं. मला म्हणाली, "चेनीचं बघ जरा."

मी यूट्यूबवर व्हिडिओ शोधायला लागले, तर म्हणते, "त्येच्यात काय बघायलीस? दाभन आन."

आणला. कडी काढायला खिळीवर टेकवला, तर तिने माझा हात धरला.

"काढू नको. हायेत तेवढ्या समद्या बसव."

"अगं आत्या, गळून पडेल हातातून."

"पडू दे. माज्यासाठी न्हाई ती. इतक्या वर्सांत त्यायनी तिथं अंग धरलं असंल. गेल्या गेल्या बसाया पायजे."

मी करंडा उघडला. कड्या कुंकवाने लाल झाल्या होत्या. पुसू नको म्हणाली, म्हणून तशाच बसवल्या.

आज कुणीतरी म्हणालं, घड्याळ काढून घ्या. मी नाही म्हटलं. हातात राहीना म्हणून शिवणाच्या दोऱ्याने मनगटाला बांधून दिलं.

आत्या, चेन पुरी केलीय. सावकाश जा.
आतोबांना नमस्कार सांग.